संध्याकाळी सातनंतर दूरची स्टेशनं गिळणारी खरखर: मूळ कसं शोधायचं

तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. दुपारी रेडिओ शांत असतो, जवळचं आकाशवाणी केंद्र स्वच्छ लागतं. दिवेलागण झाली की मीडियम वेव्हच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खरखर पसरते. शॉर्टवेव्हवर ४९ आणि ३१ मीटरच्या पट्ट्यांतही तीच गत. रात्री अकरानंतर आवाज थोडा उतरतो आणि पहाटे सगळं पुन्हा स्वच्छ होतं. रेडिओ दुरुस्तीला दिला तर दुकानदार दुपारी लावून दाखवतो आणि म्हणतो, यात काहीच बिघाड नाही. त्याचं खरंच असतं. घरी आणल्यावर संध्याकाळी पुन्हा तेच.

दूरची केंद्रं शोधणाऱ्यासाठी ही वेळ सगळ्यात मोलाची असते, म्हणून ही खरखर जास्त सलते. दिवसा आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्यातला, खालचा ‘डी’ थर मीडियम वेव्ह शोषून घेतो. त्यामुळे जमिनीलगत येणारी जवळची केंद्रंच ऐकू येतात. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि लहरी वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. पुण्या-नाशकात बसून ६१२ किलोहर्ट्झवर बेंगळुरू, ७३८ वर हैदराबाद, ८१९ वर दिल्ली, १०७१ वर राजकोटचा एक हजार किलोवॉटचा प्रक्षेपक, ८८२ वर श्रीलंकेतलं पुत्तलम लावून बघायची वेळ हीच. नेमक्या त्याच घटकेला सगळ्या इमारतीतले एलईडी दिवे, टीव्ही, चार्जर आणि शेगड्या सुरू होतात.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘लांब तार टाका’. मला हा सल्ला पहिल्या पायरीवर अजिबात मान्य नाही. गढूळ पाण्याचा नळ मोठा केला तर गढूळ पाणीच जास्त येतं. इमारतीच्या वायरिंगजवळून गेलेली लांब तार स्टेशन वाढवते तेवढीच खरखरही वाढवते, आणि लहान रेडिओचा पुढचा भाग त्या माऱ्याने गुदमरतो. आधी आवाज कुठून येतो ते शोधायचं, तो जिथल्या तिथे मारायचा, आणि मग अँटेनाचा विचार करायचा. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि खरखर राहते.

रेडिओ निर्दोष आहे ना?

पहिली परीक्षा घराबाहेर. रेडिओत सेल घाला, चार्जरची वायर काढा, आणि संध्याकाळी सात-साडेसातला घरांपासून आणि विजेच्या तारांपासून दोन-तीनशे मीटर लांब, मोकळ्या जागी जा. मैदान, टेकडी, नदीकाठ, काहीही चालेल. तिथे तीच फ्रिक्वेन्सी लावा. खरखर गेली आणि दूरची केंद्रं उघडली तर रेडिओ ठीक आहे, घराचा परिसर दोषी आहे. मोकळ्या जागेतही तशीच खरखर असेल तरच रेडिओवर संशय घ्या. ही परीक्षा कुणी टाळू नये. आपला रेडिओ खरोखर काय ऐकू शकतो याचं माप तिथेच कळतं, आणि घरात पुढे जे काही कराल ते त्या मापाशी ताडून बघता येतं.

काही आवाज खरखरीसारखे वाटतात पण घरातून आलेले नसतात. त्यांच्यामागे लागून वेळ घालवू नका.

आकाशवाणीच्या बऱ्याच मीडियम वेव्ह प्रक्षेपकांवर डीआरएम हे डिजिटल प्रक्षेपण बसवलेलं आहे. साध्या रेडिओवर ते भाषण किंवा गाणं म्हणून ऐकू येत नाही, सतत एकसारखी फसफस येते. काही ठिकाणी ती नेहमीच्या कार्यक्रमाला अगदी चिकटून, शेजारच्या चॅनलवर असते. ओळखायची खूण सोपी आहे. ही फसफस ठरावीक जागी सुरू होते आणि काटा थोडा सरकवला की धारदार कापल्यासारखी संपते. रेडिओ गोल फिरवला की एखाद्या स्टेशनसारखी कमी-जास्त होते. घरातला आवाज असा आखीव जागेत राहत नाही.

एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबरमधली कडकड विजांची. ढग शंभर-दोनशे किलोमीटर लांब असले तरी ती ऐकू येते, आणि तिच्यावर घरात इलाज नाही. शॉर्टवेव्हवर मशीनगनसारखी टकटक आली, ती काही वेळाने दुसऱ्या जागी उडी मारून गेली, तर ते क्षितिजापलीकडचं बघणारं रडार समजा. १९७६ ते १९८९ या काळात सोव्हिएत युनियनच्या ‘दुगा’ रडारची अशी टकटक जगभर ऐकू यायची, आज इतर देशांची रडारं त्याच पट्ट्यांत काम करतात. एका परदेशी केंद्राच्या डोक्यावर दुसरंच चिनी भाषेतलं केंद्र बसलेलं असेल तर तो मुद्दाम केलेला अडथळा असू शकतो, चीन ही पद्धत वर्षानुवर्षं वापरतो आहे.

आणि एक साधी गोष्ट: केंद्रच बंद झालेलं असू शकतं. रेडिओ ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०१७ अखेर शॉर्टवेव्ह थांबवली, बीबीसी हिंदीने जानेवारी २०२० अखेर. त्या जागी आता नुसती सूं आहे, आणि जुन्या वहीतल्या फ्रिक्वेन्सी लावणाऱ्याला आपलाच संच बहिरा झाल्यासारखं वाटतं. सूं आणि खरखर यांतला फरक कानाला शिकवावा लागतो. निरोगी रेडिओची रिकाम्या जागेवरची सूं मऊ, एकसारखी असते. तिला लय नसते, तिच्यात घरघर नसते.

जुन्या संचांचा आणखी एक घोळ. आयएफ म्हणजे संचाच्या आत प्रत्येक केंद्राची लहर ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणली जाते ती. ४५५ किलोहर्ट्झचा आयएफ असलेल्या संचात प्रबळ केंद्राची सावली त्याच्या दुप्पट, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ खाली पडते. नागपूरच्या १५६६ च्या प्रक्षेपकाजवळ असा संच लावला तर सावली ६५६ वर येईल, आणि ६५७ वरचं केंद्र शोधणाऱ्याला तिथे फक्त शिट्टी ऐकू येईल. उपाय म्हणजे रेडिओवरचं ‘लोकल’ बटण दाबा किंवा रेडिओचं तोंड फिरवा. हा खरखरीचा प्रश्न नाही.

घड्याळ लावून बसा

आता खरा शोध. वही घ्या आणि मीडियम वेव्हवर एक, ५ मेगाहर्ट्झच्या आसपास एक आणि ९ ते १० मेगाहर्ट्झमध्ये एक, अशा तीन रिकाम्या जागा ठरवा. दिवसातून काही ठरावीक वेळी तिथे ऐका आणि आवाज कसा आहे ते लिहा. केंद्र कसं ऐकू आलं ते पाच आकड्यांत सांगणाऱ्या सिनपो (SINPO) पद्धतीने रिपोर्ट लिहिणाऱ्यांना एक ते पाचची सवय असतेच, तेच आकडे वापरा. फक्त ‘आय’ आणि ‘एन’ यांची गल्लत करू नका. दुसऱ्या स्टेशनचा त्रास ‘आय’मध्ये, खरखर ‘एन’मध्ये. रिपोर्ट वाचणारा अभियंता या दोन आकड्यांवरून पूर्ण वेगळे निष्कर्ष काढतो.

चार-पाच दिवसांत घड्याळ बोलायला लागतं. सूर्य उगवल्यावर सुरू होऊन मावळताना संपणारा आवाज गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरचा. बरोबर दिवेलागणीला येऊन पहाटे एका क्षणात जाणारा आवाज जिन्यातल्या किंवा रस्त्यावरच्या एलईडीचा, कारण ते सगळे एकदम चालू-बंद होतात. साडेसात ते नऊ आणि पुन्हा सकाळी डब्याच्या वेळी येणारा घोंगावता आवाज बहुधा इंडक्शन शेगडीचा. दिवसभर अधूनमधून अर्धा मिनिट येऊन जाणारा लिफ्टचा. चोवीस तास न हलणारा राउटर किंवा त्याच्या अडॅप्टरचा. गणपतीत किंवा दिवाळीतच येणारा असेल तर माळांच्या कंट्रोलरकडे बघा.

गावाकडे राहणाऱ्यांना एक आवाज खास ओळखता येईल: सेकंद-सव्वा सेकंदाला एक ‘टक्’, रात्रभर, घड्याळासारखा. ते शेताच्या कुंपणाचं झटका मशीन. मशीन चालणं हा दोष नाही. तारेला गवत किंवा ओली फांदी टेकली, किंवा इन्सुलेटर तडकला की तिथे ठिणगी पडते आणि ती ठिणगी रेडिओत येते. शेतमालकाला हे सांगितलं तर तो आनंदाने बघतो, कारण ज्या कुंपणात ठिणगी पडते त्या कुंपणाचा झटकाही कमजोर झालेला असतो.

मेन स्विच

घड्याळाने संशयित दिला की खात्री करायची. खरखर जोरात असताना रेडिओ सेलवर ठेवा आणि घरातल्यांना आधी सांगून मेन स्विच बंद करा.

इथे बहुतेकांची फसगत एकाच ठिकाणी होते. मेन बंद केला तरी घरातला इन्व्हर्टर लगेच सुरू होतो आणि निम्मं घर चालूच राहतं. शिवाय साध्या इन्व्हर्टरमधून येणारी वीज चौकोनी लाटेची असते, त्यामुळे खरखर उलट वाढते, आणि माणूस समजतो की आवाज बाहेरचा आहे. इन्व्हर्टरचं बटणही बंद करा. राउटरला छोटा यूपीएस जोडला असेल तर तोही. लॅपटॉपचा चार्जर काढा. घर खरोखर पूर्ण मेलेलं असलं पाहिजे.

आता ऐका. आवाज गेला असेल तर गुन्हेगार घरात आहे, आणि ही आनंदाची बातमी आहे, कारण घरातलं सगळं आपल्या हातात असतं. माझ्या पाहण्यात अर्ध्याहून जास्त तक्रारी इथेच, स्वतःच्या घरात संपतात. एकेक एमसीबी वर करत जा. ज्या एमसीबीला आवाज परत आला त्या खोलीतली बटणं एकेक करून लावा. रिमोटने बंद केलेली वस्तू बंद धरू नका. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, रिमोटचा बीएलडीसी पंखा यांच्या आतला वीजपुरवठा चालूच असतो. भिंतीवरचं बटण बंद केलं तरच ती वस्तू बंद.

भारनियमन असलेल्या भागातल्यांना यात मोठी सोय आहे. ज्या संध्याकाळी सगळ्या गल्लीची वीज जाते तेव्हा मेणबत्ती शोधण्याआधी रेडिओ लावा. ती पाच मिनिटं तुमच्या जागेची खरी ताकद दाखवतात. वीज आल्यावर एकेक घर उजळतं तशी खरखर कशी चढत जाते तेही ऐका. एखाद्या घराचा दिवा लागताच एकदम उडी आली तर दिशा कळली.

घरातले नेहमीचे संशयित

सगळ्यात आधी मोबाईलचा चार्जर. आजचे बरेच छोटे रेडिओ यूएसबीवर चार्ज होतात आणि लोक चार्जर लावूनच ऐकतात. चार्जरमधला वीजपुरवठा सेकंदाला हजारो वेळा उघड-झाप करतो, आणि त्याचा कचरा वायरीतून थेट रेडिओत शिरतो. ओळख अशी की काटा फिरवताना ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा फुगवटा येतो, आणि वस्तू तापली की तो फुगवटा हळूहळू सरकतो. ऐकताना चार्जर काढायचा, एवढाच याचा इलाज.

एलईडी बल्बच्या बाबतीत किंमत आणि नाव यांवर विसंबू नका. कंपॅसिटरवर किंवा साध्या रेषीय चिपवर चालणारे अगदी स्वस्त बल्ब रेडिओच्या दृष्टीने बहुतेक शांत असतात, कारण त्यांत उघड-झाप करणारं काही नसतं. चांगल्या प्रतीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बल्बमध्ये स्विचिंग ड्रायव्हर असतो, आणि त्यात फिल्टर नीट बसवलेला असेल तर तो शांत, गाळला असेल तर मीडियम वेव्ह संपली. बाहेरून कळत नाही. दुकानात जाताना छोटा रेडिओ खिशात न्या. दुकानदाराच्या टेस्टिंग बोर्डवर बल्ब लावायला सांगा आणि रिकाम्या जागेवर लावलेला रेडिओ बल्बपासून वीतभर अंतरावर धरा. दुकानात आधीच बराच आवाज असतो, म्हणून बल्ब लावण्याआधीचा आणि नंतरचा फरक ऐका. दोन-तीन दुकानदार सुरुवातीला चमकून बघतात, नंतर स्वतःच कुतूहलाने वेगवेगळे बल्ब लावून दाखवतात.

पंख्याचा रेग्युलेटर गुंडी सलग फिरणारा असेल तर त्यात ट्रायॅक, म्हणजे वीज झटक्याने तोडून वेग कमी करणारा भाग, आहे, आणि मधल्या वेगावर तो जोरात घरघरतो. पंखा पूर्ण वेगावर नेला की घरघर कमी होते, हीच त्याची ओळख. टकटक करत पायऱ्या पडणारा कंपॅसिटरचा रेग्युलेटर बसवा, प्रश्न मिटतो. वायरमनला हे काम दहा मिनिटांचं.

राउटर बंद करून चालत नाही, घरात कुणी ना कुणी अभ्यासाला किंवा कामाला बसलेलं असतं. तिथे जुन्या पद्धतीचा, ट्रान्सफॉर्मरचा जड एलिमिनेटर फार उपयोगी पडतो. राउटर १२ व्होल्टचा असेल तर आत ७८१२ रेग्युलेटर असलेला, पुरेसा करंट देणारा घ्या आणि वापरण्याआधी मीटरने व्होल्ट तपासा. वीज थोडी जास्त खातो, पण रेडिओला त्याचा पत्ताही लागत नाही. राउटरपासून संगणकापर्यंत लांब केबल असेल तर शॉर्टवेव्हच्या वरच्या पट्ट्यांत तीही ऐकू येते. ती गुंडाळून ठेवा किंवा लहान करा.

फेराइटच्या कड्या, आणि त्या कशा फुकट जातात

जी वस्तू काढता येत नाही आणि बदलताही येत नाही, तिच्या वायरीवर फेराइटची, म्हणजे खरखर अडवणाऱ्या काळ्या चुंबकीय सिरॅमिकची, कडी. कल्पना चांगली आहे, पण लोक एक क्लिप वायरीवर चढवतात, फरक पडत नाही आणि मग फेराइटला नावं ठेवतात. मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हच्या खालच्या पट्ट्यांवर एका वेढ्याने जवळपास काहीच होत नाही. अडवण्याची ताकद वेढ्यांच्या वर्गाने वाढते. दोन वेढ्यांनी साधारण चौपट, चार वेढ्यांनी सोळापट. म्हणून मोठी कडी घ्या आणि अडॅप्टरची वायर तिच्यातून आठ-दहा वेळा फिरवा. कडी आवाज करणाऱ्या वस्तूच्या जितकी जवळ तितकी चांगली. लांब ठेवली तर मधली वायर अँटेनाचं काम करत राहते. अडॅप्टरच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे पिनेच्या वायरीला आणि बाहेर जाणाऱ्या वायरीला, कड्या लावल्या तर उत्तम.

कोणती कडी? शॉर्टवेव्हसाठी ‘३१’ क्रमांकाचं मिश्रण चांगलं. निव्वळ मीडियम वेव्हचा प्रश्न असेल तर ‘७३’ किंवा ‘७५’. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारून बघा. क्रमांक सांगता आला नाही तर कडी विकत घेऊ नका. भंगारातल्या संगणकाच्या वीजपुरवठ्यातून निघणारी पिवळी-पांढरी कडी या कामाला चालत नाही, ती लोखंडाच्या भुकटीची असते. त्याच भंगारात विजेच्या वायरीजवळ जाड तारेच्या दोन गुंडाळ्या असलेली कडी मिळाली तर ती ठेवा, ती बहुधा फेराइटचीच असते आणि मीडियम वेव्हवर बरं काम करते.

रेडिओ फिरवा, मग लूप बांधा

मीडियम वेव्हवर रेडिओच्या आत आडवी फेराइट कांडी हीच अँटेना असते, दांडी नुसती शोभेची. कांडीची दोन टोकं ज्या दिशेला असतात तिकडून सर्वांत कमी ऐकू येतं. म्हणजे रेडिओ टेबलावर गोल फिरवत खरखर सर्वांत कमी होईल तिथे थांबवायचा. स्टेशन दुसऱ्या दिशेला असेल तर ते तसंच राहतं आणि खरखर बुडते. एवढ्या एका सवयीने कितीतरी संध्याकाळी वाचतात. खरखर कुठल्याच दिशेला कमी होत नसेल तर ती एका जागेहून येत नाही, सगळ्या वायरिंगमधून येते आहे. तेव्हा रेडिओ भिंतीपासून आणि बोर्डापासून दूर, खोलीच्या मध्यभागी किंवा खिडकीच्या कट्ट्यावर न्या.

इमारतीत आणखी एक अडचण. सिमेंटमधल्या सळया आणि बाल्कनीची लोखंडी जाळी बाहेरचं स्टेशन अडवतात, आणि आतला आवाज आतच कोंडतो. दांडी बाहेर काढून खोलीत बसलेला शॉर्टवेव्ह ऐकणारा या दोन्हींच्या मधोमध सापडतो. अँटेना जाळीच्या बाहेर जायलाच हवी, आणि लांबीपेक्षा तिची जागा महत्त्वाची.

मीडियम वेव्हसाठी लाकडी चौकटीचा लूप एका सुट्टीच्या दिवसात होतो. दोन पट्ट्या अधिकच्या आकारात जोडा आणि तारेच्या चौकोनाची बाजू साधारण ६० सेंटिमीटर येऊ द्या. त्यावर इन्सुलेशनच्या तारेचे अकरा-बारा वेढे, एकमेकांपासून पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवून घ्या. दोन्ही टोकं जुन्या रेडिओतल्या ५०० पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरला, म्हणजे गुंडी फिरवून स्टेशन लावायच्या भागाला, जोडा. रेडिओला कुठलीही वायर जोडायची नाही. रेडिओ लूपच्या शेजारी असा ठेवा की आतली कांडी वेढ्यांच्या पातळीला काटकोनात येईल, म्हणजे चौकटीतून आरपार जाणाऱ्या दिशेत. स्टेशन लावा आणि कंडेन्सर फिरवा. योग्य जागी आलं की स्टेशन एकदम उसळून वर येतं. आधी नुसता भास होता तिथे वाक्य कळायला लागतं. हा क्षण ज्याने अनुभवला त्याला मी काही पटवून द्यावं लागत नाही. वरच्या टोकाला १६०० पर्यंत पोचत नसेल तर एक वेढा कमी करा, खाली ५३१ पर्यंत उतरत नसेल तर एक वाढवा. लूपलाही दिशा असते, त्यामुळे लूप आणि रेडिओ जोडीने फिरवून खरखर बुडवता येते.

शॉर्टवेव्हसाठी जाळीबाहेर लावलेला मीटरभर व्यासाचा लूप आणि त्याचा ॲम्प्लिफायर ही शहरातल्या घरासाठी मला सर्वांत योग्य जोडी वाटते. फक्त त्या ॲम्प्लिफायरला मोबाईलच्या चार्जरवर चालवू नका, नाहीतर हाकललेला आवाज पुढच्या दाराने परत येतो. काही पॉवर बँकही आतून उघड-झाप करतात. १२ व्होल्टची साधी बॅटरी सर्वांत शांत. केबलवर घरात शिरण्याच्या ठिकाणी ‘३१’च्या कडीचे आठ-दहा वेढे द्या. घराच्या अर्थिंगला अँटेना जोडू नका. त्या तारेत सगळ्या इमारतीचा कचरा असतो.

गच्चीवर तार टाकायला सोसायटीची परवानगी मिळाली तर ती विजेच्या कुठल्याही तारेच्या वरून, खालून किंवा जवळून नेऊ नका, तुटून पडली तरी तिथे पोचणार नाही एवढं अंतर ठेवा. वळवाचे ढग दिसले की अँटेना रेडिओपासून सोडवून खिडकीबाहेर ठेवा. यात ढिलाई नको.

आवाज घराबाहेरचा निघाला तर

मेन आणि इन्व्हर्टर बंद करूनही खरखर तशीच राहिली तर कांडीची युक्ती घेऊन बाहेर पडा. खरखर सर्वांत कमी होईल अशी रेडिओची दिशा घराजवळ एका जागी बघा, मग शंभर पावलं बाजूला जाऊन पुन्हा बघा. कांडीची टोकं ज्या रेषेत आहेत त्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे मूळ. जवळ जात राहाल तशी फ्रिक्वेन्सी वाढवा. मीडियम वेव्हवरची खरखर तारांवरून लांबवर पळते आणि चकवते. २० मेगाहर्ट्झवरही जोरात ऐकू येत असेल तर तुम्ही अगदी जवळ आहात.

मूळ शेजारच्या घरात निघालं तर तक्रार घेऊन जाऊ नका, रेडिओ घेऊन जा. ‘काका, जरा हा आवाज ऐका आणि तो दिवा बंद करून बघा’ एवढं पुरतं. स्वतःच्या कानाने ऐकल्यावर माणूस वाद घालत नाही. सोबत तपासून घेतलेला शांत बल्ब न्या आणि बदलून द्या. जिन्यातल्या दिव्यांसाठीही हीच रीत चालते, सोसायटीच्या सेक्रेटरींना खर्चाचा प्रश्नच उरत नाही.

मूळ खांबावर निघालं तर आवाज कोरडी, जाड घरघर असतो, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे सेकंदाला शंभर ठोक्यांची. ढिल्या जोडातली किंवा सैल खिळ्यातली ठिणगी कोरड्या हवेत जोरात असते आणि पाऊस पडला की गप्प होते. कोकणपट्टीत उलटं घडतं. खारं वारं इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवतं, दमट रात्री त्यावरून वीज झिरपते आणि घरघर वाढते. जूनमधल्या पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनी इन्सुलेटर धुऊन निघाले की ती आपोआप जाते. म्हणून तुमच्या वहीत पाऊस आणि दमटपणाचीही नोंद असू द्या.

खांबाला हात लावू नका, हलवू नका, काठीने ठोकून बघू नका. डीपीच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका. खांबावरचा क्रमांक टिपा आणि वीज कंपनीला लेखी कळवा. अर्जात ‘रेडिओ नीट ऐकू येत नाही’ असं लिहिलं तर तो बाजूला पडतो. ‘अमुक क्रमांकाच्या खांबावर अमुक तारखांना, अमुक वेळी ठिणगी पडत असल्याचा संशय आहे’ असं लिहा, कारण ठिणगी म्हणजे उद्या तुटणारा जोड, आणि वायरमनला तो बघावाच लागतो. वहीतल्या नोंदींची प्रत जोडा. दिवस लागतात, कधी महिने. तोवर संध्याकाळचा हट्ट सोडून पहाटे साडेचार ते सूर्योदय ही वेळ पकडा. दिवे मालवलेले असतात, ‘डी’ थर अजून उठलेला नसतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत विजांची कडकडही नसते. सूर्य उगवण्याच्या बेताला पूर्वेकडची केंद्रं आधी विरतात, कारण तिकडे उजाडलेलं असतं, आणि पश्चिमेकडची थोडी जास्त टिकतात. म्हणून ऐकायची सुरुवात पूर्वेपासून करा.